मंत्रिमहोदय, आयोगातल्या रिकाम्या खुर्च्या आधी भरा

मा. ग्राहक संरक्षण मंत्री यांस,
स. न. वि. वि.

काल जिल्हा ग्राहक आयोगात माझी चौदावी तारीख होती. रोजनाम्यावर 'कोरम नाही', म्हणजे सुनावणीला पुरेसे सदस्य नाहीत, असं लिहिलं गेलं आणि मला दोन महिन्यांनंतरची तारीख मिळाली. माझी रजा वाया गेली.

तक्रार साधी आहे. हप्त्यांवर घेतलेला नवा फ्रीज आठव्या दिवशी बंद पडला. दुकानदाराने बिलावरच्या ओळीवर बोट ठेवलं: 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' कंपनी म्हणाली, डीलरशी बोला. आईचं इन्सुलिन तो उन्हाळाभर शेजारच्या काकूंच्या फ्रीजमध्ये होतं. काकू गावाला गेल्या की माठात. आई दर वेळी बाटली उजेडाकडे धरून बघायची, औषध बिघडलं तर नाही ना. हे नुकसान मी तक्रारीच्या कोणत्या परिच्छेदात लिहू?

कायदा मी वाचला आहे, साहेब. सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सामनेवाल्याला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत, निकाल लावायचा प्रयत्न व्हावा, हेही त्यातच आहे. माझं तिसरं वर्ष चालू आहे. काल जिना उतरताना दुकानदारच मला म्हणाला, "ताई, अजून किती वर्षं येणार?" त्याला वकिलाची गरजच उरलेली नाही. तुमचा उशीर त्याचं काम करतो.

आयोगांतल्या रिक्त पदांची सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती. त्यानंतरही ही अवस्था? केंद्राने २०२३ मध्ये ऑनलाइन फसवणुकीचे १३ प्रकार नावानिशी जाहीर केले, चांगलं केलं. पण भरपाई मागायला माणूस शेवटी याच बाकावर येऊन बसतो. बंद फ्रीजचा एकही हप्ता मी चुकवला नाही. चुकवला असता तर दंड लागला असता. उशिराचा दंड फक्त आम्हालाच का? वीजबिल, घरपट्टी, कर, सगळीकडे आमची तारीख पक्की आणि सरकारची मोकळी, हे कुठवर चालणार?

सदस्याची मुदत संपायच्या आधी नवा सदस्य नेमा. बिलावर ती ओळ छापणाऱ्या दुकानांवर तक्रारीची वाट न बघता कारवाई करा.

पुढच्या तारखेच्या रजेचा अर्ज मी आजच दिला आहे. त्या दिवशी आयोगात सदस्य हजर हवेत.

आपली,
एक तक्रारदार