वहीतलं कर्ज

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, माझ्या शिक्षणापायी कर्ज झालं का? मी पाऊसपाण्याचं बोलत बसलो. तुझी आई शेजारीच होती.

तू अंगणवाडीत होतीस तेव्हाची गोष्ट. 2008 ला केंद्राची कर्जमाफी आली. दोन हेक्टरच्या, म्हणजे पाचेक एकरांच्या आत ज्याचं वावर, त्याचं थकलेलं पीककर्ज सगळं माफ. आपला सातबारा सात एकरांचा. कोरडवाहू, वरच्या अंगाला नुसता मुरूम, विहीर नाही. तरी कागदावर आपण मोठे शेतकरी! पंचाहत्तर टक्के भरा, मग पंचवीस टक्के सूट, असं होतं. पंचाहत्तर टक्के हातात असते तर थकलोच कशाला असतो? ओलिताचे दोन एकर असलेला सुटला, याचा मला राग नाही. एकर सगळीकडे सारखाच धरला, याचा आहे.

पीककर्जाची सोसायटी थकबाकीदाराला उभं करत नाही, पण मृग काही थांबत नाही. मग सरकी, खत, औषध सगळं कृषी केंद्रातून, दुकानदाराच्या उधारीच्या वहीवर. नगदीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. शिवाय ज्याची उधारी त्याचंच औषध. दुसरं मागायला तोंड राहत नाही. 2017 ला गुलाबी बोंडअळी तिला रोखणाऱ्या बीटी बियाण्यालाही जुमानेना, तेव्हा त्यानं दिलेले तीन डबे एकत्र कालवून मी फवारले. त्याच हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. माझं दोन दिवस डोळ्यांची आग होण्यावर भागलं. आईला तेव्हा उन्हाचं कारण सांगितलं होतं.

कापसाचंही तसंच. दिवाळीला वावरात वेचणीआधीची सीतादहीची पूजा होऊन पहिला वेचा घरात येतो आणि वहीवाला दारात. सरकारी खरेदीत ओलावा बारा टक्क्यांच्या वर चालत नाही. वाळवून, नंबर लावून थांबायचं तर तोवर मजुरी कुठून द्यायची? म्हणून घरूनच व्यापाऱ्याला मोजून देतो. 2021-22 च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता, आठवतं? आपलं घर तेव्हा झाडून रिकामं होतं.

राज्याची 2017 ची दीड लाखाची माफी उशिरा का होईना, आपल्याला लागली. सातबाऱ्यावरचा बोजा उतरला. वहीतलं मात्र कोणत्याच माफीत बसत नाही. तुझ्या आत्याच्या लग्नाचे तीस हजारही त्यातच आहेत, ते लपवत नाही. मांडव थोडा लहान घालता आला असता.

तुझ्या फीचा आकडा त्या वहीत नाही. ते पैसे आईनं बचत गटातून उचलले. नऊ हप्ते फिटले, तीन राहिले.

तुझा,
बाबा