नगण्य? कोणासाठी?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत विषाणूरोधक औषधांवर अर्धे पान खर्ची पडले आहे. लेखकाचा उत्साह स्तुत्य, भाषाही ओघवती. पण 'ही औषधे विषाणूंचा समूळ नायनाट करतात, दुष्परिणाम नगण्य' हे वाचले आणि पेपर बाजूला ठेवला. आज शांतपणे लिहायचे ठरवले होते. जमेलसे दिसत नाही.

माझ्या आईला नागीण झाली तेव्हा असायक्लोव्हिर दिले गेले. 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा. मोठ्या माणसाचा नेहमीचाच डोस. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत गोळ्या सुरू व्हायला हव्यात, तशा झाल्या. त्याचे श्रेय त्या डॉक्टरांना देतेच. फक्त मूत्रपिंडांचे त्यांनी विचारले नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते सांगणारा रक्तातला घटक) वाढल्याचा रिपोर्ट फाइलीत सगळ्यात वर होता, पण फाइल उघडलीच गेली नाही. हे औषध मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे थकलेली असली की अंगात साचते, म्हणून डोस कमी करावा लागतो. आईला पडद्याच्या चुण्यांत माणसे दिसू लागली. "अगं, त्या बाईंना बसायला दे ना काहीतरी," म्हणून मला दरडावत होती. हात इतके थरथरत की चमचा धरवेना. घरचे म्हणाले, वय झालंय, त्यात दुखण्याने हैराण झालीये. दुसऱ्या रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या डॉक्टर मुलीने मात्र आधी गोळ्यांचे पाकीट मागितले, मग क्रिएटिनिनचा आकडा. गोळ्या बंद झाल्या, सलाइन लागले, आई हळूहळू भानावर आली. असे होऊ शकते, हे औषधासोबतच्या माहितीपत्रकात असते, पण भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत. आपल्याकडे ठळक टाइप आहे ना?

आता तो 'नायनाट'. असायक्लोव्हिर विषाणूला मारत नाही, त्याची पैदास थांबवते. गंमत अशी की ते कामाला लागते तेच विषाणूच्या स्वतःच्या एन्झाइममुळे. निरोगी पेशीत जवळपास नुसते पडून असते. विषाणू शिरलेल्या पेशीत मात्र ते विषाणूच्या डीएनएच्या नव्या साखळीत खोटी कडी होऊन शिरते आणि साखळी तिथेच खुंटते. ज्यांच्या चमूने ही करामत उलगडली त्या गर्ट्रूड एलियन 1988 च्या नोबेलच्या मानकरी. लेखात त्यांचे नावसुद्धा नाही! आणि मज्जातंतूंच्या मुळाशी दडलेला नागिणीचा विषाणू? तो तिथेच राहतो. समूळ जातो तो हिपॅटायटिस सी, बहुतेकांचा 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी. एचआयव्हीच्या गोळ्या जन्मभराच्या. फ्लूवरची ओसेल्टामिव्हिर 48 तासांच्या आत घेतली तर दुखणे जेमतेम एखादा दिवस लवकर आटोपते, वर मळमळ आणि उलट्या. या सगळ्यांना एकाच दावणीला बांधून लेखक मोकळे झाले.

मी औषधांच्या विरोधात नाही. उद्या मला नागीण झाली तर हेच घेईन, क्रिएटिनिन तपासून आणि भरपूर पाणी पिऊन.

आणखी एक. लेखाशेजारच्या चित्रात काड्यांसारखे दिसत होते ते जीवाणू होते, विषाणू नव्हेत. त्यांच्यावर यातले एकही औषध चालत नाही. विषाणूचे चित्र मिळत नसेल तर जागा कोरी सोडावी. निदान तेवढ्या भागात तरी चूक होणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक