हेरपटांतील ‘सत्य घटना’ आणि बंद दप्तरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत एका नव्या हेरपटाचे परीक्षण वाचले. छायाचित्रण, पार्श्वसंगीत आणि नायकाचा अभिनय यांविषयी परीक्षणकर्त्याने जे लिहिले आहे, त्याबद्दल माझा वाद नाही. माझी हरकत एका वाक्याला आहे. ‘चित्रपट सत्य घटनांवर आधारलेला असल्याने महाविद्यालयीन तरुणांनी तो आवर्जून पाहावा’ अशी शिफारस त्यात आहे. परंतु त्या घटना कोणत्या, त्या केव्हा घडल्या आणि पडद्यावर दिसते त्यातले किती खरे, याचा उल्लेख साऱ्या परीक्षणात शोधूनही सापडत नाही. चित्रपटाच्या आरंभी जी सूचना क्षणभर झळकते तिच्यात पात्रे आणि प्रसंग काल्पनिक असल्याचे म्हटलेले असते, तर जाहिरातीत सत्यकथेचा दावा मोठ्या अक्षरांत असतो. म्हणजे कोणी कोर्टात खेचले तर कल्पित आणि तिकीटखिडकीवर सत्य, अशी ही दुहेरी सोय आहे. निर्मात्याने ती करून घ्यावी, तो त्याचा व्यवसाय आहे. वर्तमानपत्राने तिच्यावर आपला शिक्का का उमटवावा, हे मला समजत नाही.

हेरपट मुळातच वाईट, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. २३ ऑगस्ट २०१३ रोजी प्रदर्शित झालेला शूजित सरकार यांचा ‘मद्रास कॅफे’ हा हिंदीतील या जातीच्या चित्रपटांत मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटतो, आणि त्याचे कारण असे की तो एका अपयशाची गोष्ट सांगतो. जॉन अब्राहम यांनी रंगवलेल्या गुप्तचर अधिकाऱ्याला एका माजी पंतप्रधानांच्या हत्येचा कट कळतो, पण तो उधळता येत नाही. हाती आलेले संदेश उलगडायला वेळ लागतो, कार्यालयातलाच एक माणूस फितूर निघतो, दिल्लीतले वरिष्ठ आपापसांत घोळ घालत बसतात आणि नायक पोहोचतो तेव्हा सारे संपलेले असते. गुप्तवार्तेचे काम बहुतांशी ऐकण्याचे, टिपण्याचे आणि ताडून पाहण्याचे असते, गोळीबार हा त्यातला अगदी थोडा भाग. ही गोष्ट मोठ्या पडद्यावर इतक्या संयमाने क्वचितच मांडली गेली असेल. गाणी आणि नाच यांना त्यात वाव नाही, हेही नमूद करायला हवे.

तरीही या चांगल्या चित्रपटाने इतिहासाचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. राजीव गांधींच्या हत्येवर बेतलेल्या या चित्रपटात श्रीलंकेतील ‘एलटीटीई’ या तमिळ बंडखोर संघटनेचे ‘एलटीएफ’ झाले, तिचा प्रमुख प्रभाकरन याचा ‘अण्णा भास्करन’ झाला आणि राजीव गांधी हे नाव टाळून केवळ ‘माजी पंतप्रधान’ ठेवण्यात आले. इतकी काळजी घेऊनसुद्धा तामिळनाडूतील चित्रपटगृहांनी विरोधामुळे तो दाखवला नाहीच. मग नावे बदलून साधले काय? ज्यांना राग यायचा होता त्यांनी खरी नावे ओळखलीच. ज्या पिढीचा जन्मच त्या घटनेनंतरचा आहे, तिच्यापासून मात्र ही नावे दूर राहिली. शिवाय एका कॅफेत बसून परकीय हितसंबंधी मंडळी सूत्रे हलवतात, असे जे सूचन चित्रपटात आहे, ते प्रेक्षकाच्या मनात पक्के बसते. प्रत्यक्षात राजीव गांधी हत्या खटल्यात २६ आरोपींना विशेष न्यायालयाने १९९८ मध्ये फाशी सुनावली, सर्वोच्च न्यायालयाने मे १९९९ मध्ये त्यांपैकी १९ जणांना सोडले, चौघांची फाशी आणि तिघांची जन्मठेप ठेवली. आणि न्यायालयात जो कट सिद्ध झाला तो ‘एलटीटीई’चा होता. त्यामागे आणखी कोणी होते का, हा प्रश्न हत्येमागच्या कटाची चौकशी करणाऱ्या जैन आयोगापुढेही बराच काळ चर्चिला गेला, आणि त्याच आयोगाच्या अंतरिम अहवालावरून काँग्रेसने पाठिंबा काढल्याने १९९७ च्या नोव्हेंबरात गुजराल यांचे सरकार पडले. इतके नाट्य खऱ्या कागदांत असताना कल्पित कॅफेची गरज पडावी, याचे आश्चर्य वाटते.

हत्येच्या तपासाचेच उदाहरण घ्या. २१ मे १९९१ च्या रात्री श्रीपेरुंबुदूर येथे स्फोट झाला तेव्हा कटवाल्यांनीच सोबत आणलेला छायाचित्रकार हरिबाबू जागीच ठार झाला, पण त्याचा कॅमेरा शाबूत राहिला. त्यातल्या मोजक्या छायाचित्रांत हार घेऊन उभी असलेली तरुणी, म्हणजे प्रत्यक्ष मारेकरी, आणि कुर्ता-पायजम्यातला, हातात वही घेतलेला कटाचा सूत्रधार शिवरासन दिसले, आणि विशेष तपास पथकाचा पुढचा सारा मार्ग तेथून निघाला. हे कोणत्याही पटकथाकाराने लिहिले असते तर आपण त्याला अतिरंजित म्हणालो असतो.

श्रीलंकेच्या प्रकरणाचा आपल्या भागाशी जो संबंध आहे, तो तर चित्रपटांतून जवळजवळ पुसलाच गेला आहे. २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आपली शांतिसेना तेथे गेली आणि मार्च १९९० मध्ये परतली. या काळात सुमारे १,२०० भारतीय सैनिकांनी प्राण गमावले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या तुकड्या त्या सैन्यात होत्या. ज्या जिल्ह्यातील एका गावाला लोक आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखतात आणि १९६१ मध्ये जिथे सैनिक स्कूल सुरू झाले, त्या साताऱ्यात जाफनाहून परत आलेले जवान असणारच. शत्रू कोण आणि मित्र कोण हे ज्या युद्धात महिन्यागणिक बदलत गेले, ज्यांना शस्त्रे आणि प्रशिक्षण पूर्वी आपल्याच यंत्रणेने दिले होते त्यांच्याच सुरुंगांवर ज्यांना पाय ठेवावे लागले, त्या माणसांची साक्ष कोणत्याही हेरपटापेक्षा मोलाची आहे. ते आता साठीच्या आसपास किंवा पलीकडे गेले आहेत.

सत्य आणि कल्पित यांची गल्लत झाली तर बिघडले कुठे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साताऱ्याइतके दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याला ठाऊक असायला हवे? निवृत्त नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांच्या घराण्याचे मूळ आपल्याच जावळी तालुक्यातले. मार्च २०१६ पासून ते पाकिस्तानच्या ताब्यात आहेत आणि एप्रिल २०१७ मध्ये तेथील लष्करी न्यायालयाने हेरगिरीच्या आरोपाखाली त्यांना फाशी सुनावली. ते नौदलातून निवृत्त होऊन इराणमध्ये व्यवसाय करीत होते आणि तेथून त्यांचे अपहरण करण्यात आले, ही भारत सरकारची पहिल्यापासूनची भूमिका आहे. असे असताना एखादा गाजलेला हेरपट येऊन गेला की पोवई नाक्यावरच्या चहाच्या टपरीपासून मोबाइलवरच्या गटांपर्यंत ‘आपला गडी तिकडं लई मोठं काम करून आलाय’ अशी भाषा कानांवर येऊ लागते. बोलणाऱ्याच्या मनात अभिमानच असतो, याबद्दल शंका नाही. पण ज्या माणसाचा बचाव आपला देश तो हेर नाही म्हणून करीत आहे, त्याला कौतुकाने हेर ठरवणे म्हणजे समोरच्याच्या आरोपपत्राखाली आपण होऊन सही करणे आहे, हे त्या अभिमानाच्या भरात लक्षात येत नाही. नायकाचे नाव ‘एजंट’ असल्याखेरीज तो शूर ठरत नाही, ही सवय चित्रपटांनीच लावली आहे.

या खटल्यात नेमके काय झाले, हेही फार थोड्यांना सांगता येते. भारताने मे २०१७ मध्ये हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली, ॲड. हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर बाजू मांडली आणि १७ जुलै २०१९ रोजी निकाल लागला. जाधव हेर आहेत की नाहीत, हे त्या न्यायालयाने ठरवलेच नाही. प्रश्न होता तो अटकेतल्या परदेशी नागरिकाला आपल्या देशाच्या वकिलातीशी संपर्क साधू देण्याचा. हेरगिरीचा आरोप असलेल्याला हा हक्क नसतो, असा पाकिस्तानचा युक्तिवाद होता. व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमात असा अपवाद नाही, असे सांगून न्यायालयाने तो १५ विरुद्ध १ मतांनी फेटाळला. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करावा, असा आदेश झाला. सुटकेची भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. आपल्याकडे हा निकाल ‘जाधव सुटणार’ अशा थाटात साजरा झाला आणि नंतर विस्मरणात गेला, कारण कलमांच्या आणि फेरविचाराच्या संथ वाटेने चालणाऱ्या लढ्यासाठी चित्रपटाने आपले मन तयार केलेले नाही. पडद्यावरचा कैदी दोन तासांत भिंत फोडून बाहेर पडतो. २५ डिसेंबर २०१७ रोजी इस्लामाबादला काचेच्या पलीकडून झालेल्या भेटीत जाधव यांच्या आईला मराठीत बोलू दिले गेले नाही आणि भेटीपूर्वी मंगळसूत्र उतरवायला लावले गेले, हे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर निवेदनात सांगितले होते. मला तरी हा प्रसंग विसरता येत नाही.

सगळा दोष चित्रपटवाल्यांच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. सांगोवांगीवर आणि निवृत्तांच्या आठवणींवर त्यांना काम भागवावे लागते, कारण मूळ दप्तरे बंद आहेत. परदेशांतील गुप्तवार्ता जमवणाऱ्या ‘रॉ’ या आपल्या संस्थेची स्थापना सप्टेंबर १९६८ मधली, आज अर्धशतकाहून अधिक काळ लोटला तरी तिचा अधिकृत इतिहास वाचकाच्या हाती नाही. ब्रिटनच्या अंतर्गत गुप्तचर खात्याने शंभरी गाठली तेव्हा, २००९ मध्ये, एका विद्यापीठीय इतिहासकाराला जुनी कागदपत्रे खुली करून इतिहास लिहवून घेतला, आणि त्या देशाची सुरक्षा त्यामुळे ढासळल्याचे ऐकिवात नाही. आपल्याकडे सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ सालचा आहे, परंतु गुप्तचर संस्थांना माहिती अधिकार कायद्याच्या २४ व्या कलमाने बाजूला ठेवले आहे, आणि १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवालही सरकारने अद्याप प्रसिद्ध केलेला नाही. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धांचे इतिहास वेळेत लिहिण्याचे आणि साधारणपणे २५ वर्षांत कागदपत्रे खुली करण्याचे धोरण जाहीर केले खरे. ते गुप्तवार्तेच्या दप्तरांपर्यंत पोहोचत नाही.

याचा परिणाम काय होतो, ते ३० जानेवारी १९७१ च्या ‘गंगा’ विमानाच्या अपहरणावरून दिसते. श्रीनगरहून जम्मूला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे हे फॉकर विमान लाहोरला नेऊन जाळण्यात आले, त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली आणि पूर्व पाकिस्तानात सैन्य नेण्यासाठी त्यांना श्रीलंकेचा वळसा पडला. बांगलादेश युद्धाच्या वर्षात ही बंदी आपल्या किती उपयोगी पडली, ते सांगायला नको. अपहरण आपल्याच यंत्रणेने घडवून आणले होते, असे काही निवृत्त अधिकारी लिहितात. प्रमुख अपहरणकर्त्याने ते नाकारले आहे. यातले खरे काय, ते सांगू शकणारे कागद बंद असल्यामुळे उद्या ज्याचा चित्रपट आधी येईल त्याचे म्हणणे इतिहास ठरेल.

बहिर्जी नाईकांच्या बाबतीत असेच झाले, पण तेथे इलाज नव्हता. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील बाणूरगडावर त्यांची म्हणून समाधी दाखवली जाते. सभासदाच्या बखरीत सुरतेची खबर आणणारा म्हणून त्यांचे नाव येते, आणि अशा तुटपुंज्या उल्लेखांपलीकडे वेशांतराच्या ज्या असंख्य कथा आपण मुलांना सांगतो त्या पुढच्या काळातल्या लेखकांच्या आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी जासुदाने कागद मागे ठेवू नये, हेच त्याच्या कामाला धरून होते. कपाटे भरून कागद असलेल्या आजच्या खात्यांना ती सबब लागू पडत नाही.

सरकारचे धोरण आपल्या हाती नाही, परंतु पुरवणीचे पान आहे. यापुढे ‘सत्य घटनां’चा दावा करणाऱ्या चित्रपटाचे परीक्षण छापताना त्यासोबत एक लहान चौकट द्यावी आणि मूळ घटना, तिची तारीख, न्यायालयाने किंवा आयोगाने काढलेला निष्कर्ष आणि चित्रपटाने बदललेल्या ठळक गोष्टी तीत नमूद कराव्यात, अशी विनंती आहे. शंभर-दीडशे शब्द पुरतील; नायकाच्या व्यायामशाळेविषयी त्याच पुरवणीत त्याहून अधिक मजकूर होता. दुसरे असे की, श्रीलंकेत गेलेल्या सातारा-सांगलीच्या जवानांच्या आठवणी आपल्या तालुका प्रतिनिधींनी आताच नोंदवून घ्याव्यात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे विचारणा केल्यास गावोगावच्या माजी सैनिकांपर्यंत पोहोचणे अवघड जाऊ नये. साहित्यिक थाटाचे लेखन त्यात नको. तुकडी कोणती, सन कोणते, गाव कोणते आणि त्यांनी स्वतः काय पाहिले, एवढे त्यांच्याच शब्दांत छापले तरी पुरे.

कळावे,

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, सातारा