आई-बाबा, नोकरी घेतली आहे

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा फोनवर गप्प झाले, म्हणून लिहायला बसले. सोमवारपासून मी दाताच्या दवाखान्यात असिस्टंट म्हणून कायम होतेय. बी.एड.चा फॉर्म भरलेला नाही. "दुसऱ्यांची थुंकी ओढायची का?" असं तू म्हणालीस, हे मावशीकडून कळलं. आई, मी रागावले नाहीये गं.

सक्शन, म्हणजे थुंकी ओढून घेणारी नळी, धरावंच लागतं. पण खरी जबाबदारी मागच्या खोलीत आहे. वापरलेली हत्यारं आधी घासून धुवायची, कारण सुकलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. मग वाळवून पाउचमध्ये भरायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर ३० मिनिटं ठेवायची. पाउच दाटीने कोंबले की मध्ये हवा अडकते, म्हणून ते कडेवर उभे लावायचे. एखादं ओलं निघालं तर ते पुन्हा पहिल्यापासून. पाउचवरची खूण रंग बदलते, पण त्यावरून उष्णता लागली एवढंच कळतं. जंतू मेले की नाही, हे बीजाणूंची, म्हणजे सहज न मरणाऱ्या जंतूंची, चाचणी सांगते. ती आम्ही दर आठवड्याला करतो. यात चूक झाली तर एकाचा आजार दुसऱ्याच्या तोंडात जातो. हे काम हलकं कसं म्हणायचं, बाबा?

दातांच्या मापाचंही तसंच. पाणी कोमट असलं तर अल्जिनेट, म्हणजे माप घ्यायचा लगदा, तोंडात जायच्या आतच घट्ट होतं. माप निघाल्यावर प्लास्टर ओतायला उशीर झाला तर माप आक्रसतं, आणि मग तुमच्यासारख्यांची कवळी नीट बसत नाही.

सुयांची काळजी करू नका. कावीळ बीच्या लशीचे दोन डोस झालेत, तिसरा सहाव्या महिन्यात आहे. सुईचं टोपण दोन्ही हातांनी कधीच लावायचं नाही. ट्रेवर ठेवून एकाच हाताने सुईवर उचलून घ्यायचं, हे अंगवळणी पडलंय.

खोलीत गिझर आहे, डबा घरगुती आहे, फक्त आमटीत गूळ नसतो. आई, तापात तू कपाळावरची घडी गरम व्हायच्या आत बदलायचीस ना, घाबरलेला पेशंट खुर्चीत बसला की मला तेच आठवतं.

आता ऐका. बाबा, कवळी रात्री काढून गार पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्याने ती वाकते, टूथपेस्टने तिला चरे पडतात; साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. धुताना खाली पाणी भरलेलं पातेलं ठेवा, निसटली तरी फुटणार नाही. रक्त पातळ करायची गोळी दातासाठी स्वतःहून बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं.

आईची दाढ गणपतीत दाखवू. सकाळची वेळ मी घेते. आई, त्या दिवशी उपास धरू नकोस, नाश्ता आणि मधुमेहाची गोळी दोन्ही घे. मी शेजारीच उभी असेन.

तुमची,
ताई