ताफा मागे होता, म्हणून सफर खोटी?

महोदय,

दूरचित्रवाणीवरच्या लांब पल्ल्याच्या मोटारसायकल सफरींचा विषय निघाला की बायकर मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘मागे गाड्यांचा ताफा असेल तर कोणीही जाईल.’ रोख असतो तो इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन या अभिनेत्यांवर. २००४ साली ते लंडनहून पूर्वेकडे निघाले आणि कझाकस्तान, मंगोलिया, सैबेरिया पार करत न्यू यॉर्कला पोहोचले. त्यावर झालेली ‘लाँग वे राउंड’ ही मालिका पाहून किती जणांनी बाइकला पेट्या लावून घेतल्या असतील! पण कौतुकाइतकीच नाके मुरडली गेली, ती आजही मुरडली जातात. हे मला मनापासून खटकते.

ताफा होता, हे खरेच. बीएमडब्ल्यूने दिलेल्या मोटारसायकली होत्या, पैसा होता, ओळखी होत्या. पण मंगोलियातले भाग पुन्हा पाहा. रस्ता म्हणावा असे काही नाही, चिखलात चाक रुतते, अडीचशे किलोंहून जड बाइक आडवी होते, उचलावी, दहा हात जावे, की पुन्हा आडवी. ताफ्यातली गाडी तिथे काय करणार? हँडल धरणारे हात त्यांचेच होते. पुढे सैबेरियात मगादान शहराच्या वाटेवर, ज्याला हाडांचा रस्ता म्हणतात तिथे, पुराच्या नद्यांतून बाइक ट्रकवर चढवून पलीकडे न्याव्या लागल्या. टीकाकार नेमके हेच दृश्य पुढे करतात. मला उलट वाटते. ट्रकची मदत संकलनात कापून टाकणे सोपे होते. त्यांनी ती दाखवली.

आणि मदतीशिवाय लांबची सफर केली तरी कोणी? एल्स्पेथ बेअर्डचे उदाहरण नेहमी दिले जाते, आणि ते द्यायलाच हवे. १९८२ साली विशीतली ही वास्तुकलेची विद्यार्थिनी जुन्या बीएमडब्ल्यूवर एकटी जगप्रदक्षिणेला निघाली. मागे ताफा नाही, कॅमेरा नाही. तिच्या धैर्याला तोड नाही. पण थायलंडमध्ये अपघात झाला तेव्हा तिची शुश्रूषा केली ती तिथल्याच एका कुटुंबाने. एकट्याने जाणे म्हणजे कोणाचीच गरज न लागणे नव्हे, हे रस्त्यावर चार दिवस काढलेल्या कोणालाही ठाऊक असते.

मॅकग्रेगर आणि बूरमन यांनीच २०१९ मध्ये विजेच्या बाइकवर केलेल्या सफरीबद्दलची नाराजी मला थोडी अधिक पटते. वाटेत चार्जर आधी बसवून घ्यावे लागले, मेक्सिकोत सुरक्षेसाठी बाइक बसमध्ये चढवल्या. तिथे सफरीपेक्षा बंदोबस्तच जास्त दिसला.

तरी बायकरांनी खरा आक्षेप घ्यायचा तर तो तिसऱ्या स्वाराच्या बाजूने घ्यावा. क्लाउडिओ फॉन प्लांटा हा छायाचित्रकार पहिल्या सफरीत त्याच चिखलातून, तेवढीच जड बाइक चालवत गेला. शिवाय थांबायचे, कॅमेरा काढायचा, दोघांना पुढे जाऊ द्यायचे आणि मग त्यांना गाठायचे. मंगोलियात त्याच्या बाइकची फ्रेम मोडली, तेव्हा ती दुरुस्तीला पाठवून तो स्वस्तातल्या एका रशियन मोटारसायकलवर पुढे निघाला. महागड्या बाइकशिवाय अशा सफरीचा विचारच करू नये, असे जे आज नवख्यांच्या मनात भरवले जाते, त्याला उत्तर याच मालिकेत आहे. ते फारसे कोणी पाहत नाही, कारण सगळ्यांची नजर दोन ताऱ्यांवर आणि त्यांच्या गाड्यांवर.

अशी मालिका पुन्हा कोणी काढली, तर दोन गोष्टी पडद्यावर सविस्तर याव्यात. एक, निघण्याआधीचे काम : व्हिसा, गाडीची कागदपत्रे, पंक्चर काढण्याचा आणि प्रथमोपचाराचा सराव. दुसरी, कॅमेऱ्यामागच्या स्वाराचा पूर्ण दिवस, सकाळी सामान बांधण्यापासून रात्री बॅटऱ्या चार्जिंगला लावेपर्यंत. एखादा भाग त्याच्याच नावाचा असावा.

आपला,
एक वाचक