चिपरच्या स्टॉप बारबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: चिपरचा स्टॉप बार काम न करणे आणि आपल्या मेकॅनिकने हूडचा सुरक्षा स्विच बंद पाडणे

महोदय,

सत्तरी तालुक्यात पावसाळ्याआधी घरांवर, वीजतारांवर झुकलेली झाडे छाटून देण्याचे काम मी माझ्या माणसांना घेऊन करतो. त्यासाठी आपल्याकडून फांद्यांचे बारीक तुकडे करणारा डिझेल चिपर घेतला. यंत्र ताकदीचे आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात वाळपईजवळच्या एका कुळागरात (सुपारीच्या बागेत) आंब्याची फांदी चिपरमध्ये घालत होतो. फांदीला रानवेल गुंडाळलेली होती. आमच्याकडे वेल नसलेले झाड सापडणे कठीण. जाड बुंधा आधी घातला, माणूस बाजूला उभा, बाह्या मनगटाशी घट्ट, चष्मा डोळ्यांवर, सगळे रीतसर. फांदी आत गेली आणि मागून ओढत जाणाऱ्या वेलीचा फास त्याच्या घोट्याला बसला. तो आडवा झाला. पडता पडता त्याने स्टॉप बार, म्हणजे रोलर थांबवणारा दांडा, गुडघ्याने ढकलला. बार हलला, पण फांदी आत ओढणारे रोलर फिरतच राहिले. शेजारच्याने कोयत्याच्या एका घावात वेल तोडली म्हणून पाय वाचला.

आपल्याच माहितीपत्रकाप्रमाणे रोलर मिनिटाला 30 मीटर वेगाने फांदी ओढतात, म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. हॉपरच्या, म्हणजे फांदी घालायच्या भागाच्या, तोंडापासून फिरत्या ड्रमच्या पात्यांपर्यंतचे अंतर दीड मीटरच्या आसपास. हातात तीन सेकंद असतात. तेवढ्यात कोणी चावीपर्यंत पोचत नाही, आणि चावी काढली तरी जड ड्रम लगेच थांबत नाही. अंगाचा नुसता धक्का लागला तरी रोलर थांबावेत, यासाठीच तो बार तिथे असतो.

त्याच दिवशी आपल्या सेवा केंद्राला फोन केला. उत्तर मिळाले, "कामगारांनी हातमोजे घालावेत, लक्ष देऊन काम करावे." वेल पायाला अडकली तिथे हातमोजे काय करणार? माझ्या माणसांच्या निष्काळजीपणावर हे ढकलणे मला मान्य नाही. बारचा लिव्हर आणि व्हॉल्व यांना जोडणारी पिन ढिली आहे, हे आम्ही बंद यंत्रावर डोळ्यांनी पाहिले. फोटो सोबत जोडले आहेत.

दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटते. मागच्या सर्व्हिसिंगला आलेल्या आपल्या मेकॅनिकने हूडच्या, म्हणजे ड्रमवरच्या झाकणाच्या, सुरक्षा स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या. "सारखे इंजिन बंद पडते, त्यापेक्षा हे बरे," असे तो म्हणाला. आता हूड उघडे असतानाही इंजिन सुरू होते. चोंदलेला पाला काढायला कोणी आत हात घातला आणि दुसऱ्याने चावी फिरवली, तर? चावी काढून खिशात ठेवल्याशिवाय हूडला हात लावायचा नाही, हा आमचा नियम आहेच. पण नियम आहे म्हणून स्विच काढायचा नसतो.

यंत्रावरचे धोक्याचे स्टिकर आणि पुस्तिका फक्त इंग्रजीत आहेत. फांद्या घालणारी माझी माणसे मराठी आणि कोंकणी वाचतात.

यंत्र मी त्या दिवसापासून उभे करून ठेवले आहे. ऐन हंगामात हे मला परवडत नाही, तरी बार दुरुस्त होईपर्यंत कोणालाही त्याच्यापुढे उभे करणार नाही.

आपण जबाबदार तंत्रज्ञ पाठवून बारची जोडणी बदलून द्यावी, माझ्यासमोर रोलर चालू ठेवून ती तपासावी, हूडचा स्विच पूर्ववत करावा आणि केलेल्या कामाचा लेखी अहवाल द्यावा. हीच पिन असलेली यंत्रे आणखी ज्यांना विकली, त्यांनाही आजच कळवावे. मराठीतले स्टिकर आणि सूचनाही पाठवाव्यात.

हे यंत्र मी स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेतले आहे. सदोष उत्पादन आणि अपुऱ्या सूचना यांची जबाबदारी ग्राहक संरक्षण कायदा 2019 उत्पादकावर टाकतो. सात दिवसांत कार्यवाही झाली नाही, तर मी उत्तर गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

आपला,
एक ग्राहक
वाळपई, सत्तरी, गोवा

सोबत: खरेदीचे बिल, सर्व्हिसिंगची पावती, पिन व स्विचचे फोटो