रानातल्या कॅमेऱ्याबद्दल

प्रिय अविनाश,

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग हसू. चोरट्यांवर नजर ठेवायला झाडाला बांधलेला, कुणी समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा चोरट्यांनीच नेला, आणि पट्टा तेवढा झाडाला ठेवून गेले! आता तू जाड केबल आणि मोठं कुलूप आणायला निघालायस. आण, पण कुलपामुळे चोराचा फक्त वेळ जातो. केबल कटरने तुटते, आणि लांबून कुलूप दिसलं की इथे काहीतरी मोलाचं आहे हे त्याला आयतंच कळतं. मुळात कॅमेरा त्याला दिसताच कामा नये, आणि दिसलाच तर तोवर त्याचा फोटो तुझ्याकडे पोचलेला असावा.

तू कॅमेरा छातीच्या उंचीवर बांधला होतास, तिथेच घोळ झाला. चालणारा माणूस समोर बघतो नाहीतर पायाखाली. मान वर करून कोण बघतंय? नऊ-दहा फुटांवर चढव, मागे वरच्या बाजूला लाकडाची पाचर मार म्हणजे तोंड खाली झुकेल. फार झुकवू नकोस, नाहीतर पल्लाच उरणार नाही. सेन्सर हलणारी उष्णता ओळखतो, त्यामुळे आडवा जाणारा माणूस लगेच टिपला जातो, सरळ कॅमेऱ्याकडे येणारा उशिरा. म्हणून वाटेशी तिरका लाव. आणि काम झालं की शिडी घरी ने, बाबा!

लपवताना लोक फांद्या-पानं कोंबतात. तो उद्योग करू नकोस. वाऱ्याने पान हललं की शेकडो रिकामे फोटो, आणि रात्री जवळच्या पानावरून प्रकाश उलटला की सगळं पांढरंफटक. त्यापेक्षा पट्ट्याकडे बघ. फिकट सालीवर काळा पट्टा लांबूनही खटकतो, कारण झाडावर सरळ रेघ नसतेच. सालीच्या रंगाचा पट्टा घे, लोंबणारं टोक खोच. मग अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन त्याच वाटेने चालून बघ, काच कुठून चमकते ते कळेल.

रात्रीचा प्रकाश हा सगळ्यात मोठा चुगलखोर. अंधारात फोटो यावा म्हणून कॅमेऱ्यातच इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणाऱ्या प्रकाशाचे दिवे असतात. त्यातले ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे लागले की समोरून मंद लाल ठिपके दिसतात. ९४० वाल्यांचे दिसत नाहीत. मात्र उजेड कमी लांब जातो आणि फोटो जरा दाणेदार येतो. जनावरांसाठी पहिलाही चालला असता, पण तुझं गिऱ्हाईक दोन पायांचं आहे, दुसराच घे.

आणि या वेळी सिमकार्डवाला घे. साध्या कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड काढून नेलं की पुरावाही गेला. सिमवाला फोटो लगेच मोबाईलवर धाडतो, शिवाय कार्ड बघायला तुझ्या फेऱ्या होत नाहीत. तुझ्याच पावलांची पायवाट थेट त्या झाडाशी जाऊन थांबली तर लपवलंस काय? लिथियमच्या बॅटऱ्या टाक, जास्त टिकतात. पासवर्डची सोय असेल तर तो घाल आणि सिरीयल नंबर लिहून ठेव.

मला आवडणारी युक्ती वेगळीच आहे. तुझा तो बंद पडलेला जुना कॅमेऱ्याचा डबा चोरीच्याच जागी, सहज दिसेल असा बांध. खरा कॅमेरा समोरच्या झाडावर, उंच, त्या डब्याकडे तोंड करून. डबा काढायला आलेला माणूस तिथेच उभा राहतो, वेळही घेतो. याहून चांगला फोटो कुठे मिळणार!

कॅमेऱ्याभोवती लोखंडी पेटी बोल्टने ठोकायची असेल तर झाड तुझंच हवं; पुढे कधी ते करवतीने कापताना आतला बोल्ट लागला तर कापणाऱ्याच्या जिवावर बेततं. कॅमेऱ्याचं तोंड कुणाच्या अंगणाकडे नको, नाहीतर तक्रार तुझ्यावरच यायची. फोटो मिळाला तर ग्रुपवर फिरवू नकोस आणि एकटा जाबही विचारायला जाऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. फोटो पोलिसांकडे दे.

कॅमेरा लावायचा त्या जागी मोबाईलची रेंज कितपत येते ते कळव. तिथे रेंज नसेल तर सिमवाल्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही, मग दोन साधे कॅमेरेच एकमेकांवर रोखू.

तुझा,
नंदू